दोन जिवांचं गाऱ्हाणं

गेल्या चवथीला भाची आमच्याकडे आली ती एक इंग्रजी कादंबरी घेऊनच. घरात माटोळी बांधायची लगबग, आणि ही पडवीवर पाय पसरून पुस्तकात डोकं घालून बसलेली. जाताना "मामा, हे वाचून बघ" म्हणून पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेली. कॅट झँग या लेखिकेची 'व्हॉट्स लेफ्ट ऑफ मी' ही २०१२ सालची कादंबरी, कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली. तिच्यातल्या जगात प्रत्येक मूल एका देहात दोन जीव घेऊन जन्माला येतं. दोघांना वेगळी नावं असतात. लहानपणीच त्यातला दुबळा जीव हळूहळू विरून जातो आणि देह एकाचाच उरतो. ज्यांच्या बाबतीत तसं होत नाही ती माणसं सरकारच्या दृष्टीने धोकादायक ठरतात. अ‍ॅडी आणि इव्हा अशा दोघी एकाच देहात आहेत. जगाला फक्त अ‍ॅडी माहीत आहे. इव्हा आत लपून राहिली आहे, आणि गोष्ट सांगते ती इव्हा.

आठवड्याने भाचीचा फोन आला. "मामा, दोघींतली एकच वाचणार असेल तर कुणाला वाचवायचं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर एका देहात दोघं ही कल्पना आम्हा गोंयकारांना नवी नाही. लहानपणी देवळात अवसर आलेला माणूस मी पाहिला आहे. रोज आमच्या अंगणातून जाणारा, ओळखीचा माणूस. पण त्या घटकेला त्याच्या तोंडून येणारा आवाज त्याचा नसे. गावकर हात जोडून पुढे होत आणि आधी एकच विचारत, कोण तू, आणि तुझं मागणं काय? उत्तर मिळाल्यावर मग गाऱ्हाणं. श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद इथे घालायचा नाही. मला त्या रीतीतला शहाणपणा आठवतो. दुसरा जीव बोलू लागला की त्याला गप्प करण्याआधी त्याचं नाव विचारायचं.

आणि मग आपल्या भाषेतला एक साधा शब्द आठवला. गरोदर बाईला आपण 'दोन जिवांची' म्हणतो. हा शब्द मनात आला आणि त्याच्या मागोमाग भोपाळ आलं. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं नाही, पण तो प्रश्न खराखुरा कुठे उभा राहिला होता ते मात्र कळलं.

वास्कोहून दिल्लीला जाणारी आपली गोवा एक्सप्रेस भोपाळवरून जाते. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर गाडी तिथे पोचते. आपण खिडकीतून चहा घेतो, आणि गाडी सुटते. याच स्थानकावर २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीनंतर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी गोरखपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी वेळेआधी पुढे काढून दिली होती, कारण फलाटावरची हवा श्वास घेण्याजोगी उरली नव्हती. काही वर्षांपूर्वी मी मुद्दाम तिथे उतरलो, तेव्हा रिक्षावाल्याला 'कारबाइड' एवढंच सांगावं लागलं.

घडलं काय ते थोडक्यात सांगतो. युनियन कार्बाइडचा हा कारखाना 'सेविन' नावाचं कीटकनाशक बनवायचा. त्यासाठी लागणारं मिथाइल आयसोसायनेट हे अतिशय विषारी द्रव्य तिथे मोठ्या टाक्यांत साठवून ठेवलं जाई. ते थंड ठेवावं लागतं. पण थंड ठेवणारी यंत्रणा १९८४ च्या जूनपासून बंद होती. गळालेला वायू जाळून टाकणारा मनोराही त्या रात्री कामाचा नव्हता. ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, आत उष्णता वाढत गेली, आणि सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. समोरच जयप्रकाश नगर, पलीकडे काझी कॅम्प, छोला. सगळी गरिबांची वस्ती, सगळे झोपेत. धोक्याची सूचना आधी कुणी दिली नव्हती असंही नाही. राजकुमार केसवानी हा भोपाळचा पत्रकार १९८२ पासून आपल्या छोट्या साप्ताहिकातून या कारखान्याविषयी ओरडून सांगत होता.

मेले किती? सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९. पुढे राज्य सरकारने तो ३,७८७ केला. २०१० मध्ये केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा ५,२९५ म्हणालं. पीडितांच्या संघटना २० हजारांच्या वर सांगतात. एका रात्रीच्या मृतांची मोजणी इतकी वर्षं चालू राहते, याचा अर्थ 'कोणाला मोजायचं' हेच ठरलेलं नाही.

आता त्या दोन जिवांच्या बायकांकडे येतो. मॅकगिल विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ दया वर्मा यांनी गॅसबाधित वस्त्यांतल्या ३,२७० कुटुंबांची पाहणी केली. ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. गॅसगळतीच्या वेळी या कुटुंबांत ८६५ बायका गरोदर होत्या. त्यांतल्या ४३ टक्के बायकांच्या पोटी जिवंत मूल जन्मलंच नाही. जी ४८६ मुलं जन्मली, त्यांतली १४ टक्के महिनाभरात गेली. त्याच कुटुंबांत आधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण जेमतेम ३ टक्के होतं. हे आकडे मी दोनदा वाचले. आई वाचली म्हणून यादीत तिचं नाव 'किरकोळ इजा' या रकान्यात गेलं असेल. पोटातल्याचं नाव कुठल्या रकान्यात घालणार? त्याला नाव ठेवायची वेळच आली नव्हती.

डॉ. डी. के. सत्पथी हे त्या वेळी भोपाळमध्ये शवचिकित्सा करणारे डॉक्टर. पहिल्याच दिवसापासून मृतदेहांची रांग त्यांच्यापुढे लागली होती. गरोदर स्त्रियांच्या शवांतून निघालेले गर्भ त्यांनी काचेच्या बरण्यांत जपून ठेवले. आईच्या शरीरात सापडलेलं विष पोटातल्या बाळातही उतरलं होतं, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. बरणीतले गर्भ बघणं सोपं नाही. मी त्यांची छायाचित्रंच पाहिली आहेत आणि तीही पूर्ण पाहू शकलो नाही.

या बरण्यांतला एक जीव एका कादंबरीत बोलतो. म्हणूनच भाचीने दिलेल्या पुस्तकानंतर मी कपाटातून इंद्र सिन्हांची 'अ‍ॅनिमल्स पीपल' पुन्हा काढली. सिन्हा जन्माने मुंबईकर. वडील भारतीय नौदलात, आई इंग्रज. लंडनमध्ये जाहिराती लिहिण्यात नाव कमावलेला हा माणूस भोपाळमध्ये गुंतला. १९९४ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या वर्तमानपत्रात केलेल्या आवाहनातून पैसा उभा राहिला आणि त्यातून गॅसपीडितांसाठी 'संभावना' हा मोफत दवाखाना सुरू झाला. कादंबरी आली २००७ मध्ये. त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत ती होती.

कादंबरीतल्या शहराचं नाव खौफपूर. ते भोपाळच आहे हे पहिल्या काही पानांत कळतं. 'त्या रात्री'नंतर काही वर्षांनी पाठीचा कणा वाकलेला एक अनाथ पोरगा हातापायांवर चालतो. लोक त्याला जनावर म्हणतात, तोही स्वतःला जनावरच म्हणवतो. १९ वर्षांचा हा पोरगा एका परदेशी पत्रकाराच्या टेपरेकॉर्डरपुढे आपली हकीकत शिव्यांसकट सांगत सुटतो. त्याच्या डोक्यात आवाज येतात. त्यातला एक आवाज डॉक्टरच्या खोलीतल्या बरणीतून येतो. बरणीत दोन डोक्यांचा गर्भ आहे, त्याचं नाव खा. एक देह, दोन डोकी, आणि एक दिवसही न जगलेलं आयुष्य. या खाचं मागणं एकच: मला इथून सोडव, अग्नी दे. कादंबरीत इतर सगळे कंपनीकडे काहीतरी मागत असतात. सर्वांत लहान पीडित मात्र फक्त सुटका मागतो. आणि त्याचा आवाज ऐकू कोणाला येतो? ज्याला लोक माणसांत धरत नाहीत त्याला.

सिन्हांनी हा नायक हवेतून काढलेला नाही. कादंबरी ज्याला अर्पण केली आहे तो सुनील हा भोपाळचा तरुण. त्या रात्री आईवडील आणि पाच भावंडं गेली, तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. दोन लहान भावंडांना त्याने वाढवलं, मोर्चे काढले, परदेशी जाऊन साक्ष दिली. त्यालाही आवाज ऐकू येत. २००६ मध्ये, पुस्तक छापून यायच्या आधी, त्याने आपलं आयुष्य संपवलं. दिवसा चळवळीतला हसरा सुनील आणि रात्री आवाजांशी झगडणारा सुनील एकाच देहात किती वर्षं नांदले असतील, कोण जाणे. त्याच्याविषयी याहून जास्त लिहिण्याचा अधिकार मला नाही.

वाचकहो, आतापर्यंत दोन जिवांची गोष्ट झाली ती दुबळ्यांची. पण भोपाळच्या प्रकरणात आणखी एक देह होता ज्यात दोघे राहत होते, आणि त्याला हे राहणं फार सोयीचं गेलं. तो देह म्हणजे कंपनी. भोपाळचा कारखाना 'युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड' या भारतीय कंपनीचा, तिचे ५०.९ टक्के समभाग अमेरिकेतल्या युनियन कार्बाइडकडे, तर उरलेल्यांतले काही आपल्याच सरकारी वित्तसंस्थांकडे. नाव एक, खूण एक, नफ्याच्या वेळी कुटुंब एक. गॅस गळल्यावर मात्र अमेरिकेतली कंपनी म्हणू लागली की कारखाना आमचा नव्हे, तिचा. ती वेगळी, आम्ही वेगळे. अमेरिकेत गेलेले दावे १२ मे १९८६ रोजी न्यायाधीश कीनन यांनी परत पाठवले: हा खटला भारतातच चालावा. इथे भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई सांगितली. १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. पण दोन कंपन्यांमधला पडदा बाजूला सारून खरी मालकीण कोण ते बोलून दाखवलं. कोण तू, हा प्रश्न त्या एका निकालात तरी नीट विचारला गेला.

उत्तर यायच्या आत तडजोड झाली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे ४७ कोटी डॉलरवर प्रकरण मिटवलं गेलं. हिशेब धरला होता सुमारे ३,००० मृत्यूंचा. पीडितांना कुणी विचारलं नाही, कारण विचारायची गरजच ठेवली नव्हती. १९८५ च्या कायद्याने केंद्र सरकार त्यांचं पालक झालं होतं. दावा लावायचा आणि मिटवायचा हक्क एकट्या सरकारचा. आपल्या कथापुराणांत परकायाप्रवेश करणारे योगी आहेत. ते दुसऱ्याच्या देहात शिरतात, काम झालं की बाहेर पडतात. सरकार लाखो गॅसपीडितांच्या जागी उभं राहून त्यांच्या वतीने बोललं आणि सही करून मोकळं झालं. देह मात्र त्यांचे त्यांनाच पुढे वागवायचे होते.

पोटातल्या जिवांची आठवण न्यायालयाला एकदा झाली होती, हेही नमूद केलं पाहिजे. ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांच्यावर परिणाम पुढे दिसू शकतात अशा सुमारे १ लाख जणांचा, त्यात नंतर जन्मलेली मुलंही आली, वैद्यकीय विमा सरकारने उतरवावा. हा विमा उतरवलाच गेला नाही. १४ मार्च २०२३ रोजी जादा भरपाईची केंद्राची याचिका फेटाळताना त्याच न्यायालयाने विमा न काढण्याला सरकारची घोर हयगय म्हटलं. मधली ३१ वर्षं निघून गेली होती. १९८५ मध्ये जन्मलेलं मूल तोवर अडतिशीला आलं होतं.

आणि त्या मुलांचं काय झालं? २०२३ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची माहिती घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. गॅसच्या वेळी आईच्या पोटात असलेले भोपाळ परिसरातले मुलगे त्यांनी शोधले. हे पुरुष इतरांपेक्षा कमी शिकलेले आढळले, नोकरीआड येणारं अपंगत्व त्यांच्यात जास्त निघालं, कॅन्सरचं प्रमाणही जास्त. १९८५ मध्ये त्या भागात जन्मलेल्यांत मुलग्यांचा वाटाच घटला होता. म्हणजे कित्येक मुलगे पोटातच गेले असावेत. विरून गेलेला दुसरा जीव असा तीस वर्षांनी आकड्यांतून बोलतो.

आपण गोंयकार भोपाळकडे परक्या नजरेने बघू शकत नाही. फोंड्याजवळ केरीच्या भूतखांब पठारावर अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीचा नायलॉन ६,६ प्रकल्प यायचा होता. त्या काळात गावोगावच्या सभांत 'भोपाळ' हा शब्द जितक्यांदा उच्चारला गेला तितका क्वचितच कुठल्या दुसऱ्या शहराचा उच्चारला गेला असेल. १९९५ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला, आणि प्रकल्पाला गोवा सोडावा लागला. तो प्रकल्प आला असता तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. एवढंच सांगू शकतो की त्या पठाराखालच्या गावांतल्या लोकांनी भोपाळच्या बायकांचं गाऱ्हाणं आपलं म्हणून ऐकलं होतं.

भोपाळमध्ये मी कारखान्याच्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा दुपार होती. रस्त्याच्या या बाजूला एक पांढरट पुतळा आहे. रुथ वॉटरमन-कुपफरश्मिट या डच शिल्पकर्तीने १९८५ मध्ये तो घडवला. तिचे आईवडील नाझींच्या छळातून वाचलेले. पुतळ्यातली बाई एका हाताने तोंड झाकते आहे, दुसऱ्या हातात तान्हं मूल, आणि मागून एक पोर तिला बिलगलेलं. आसपास पोरं खेळत होती. पुतळ्याच्या कठड्यावर कुणाचे तरी कपडे वाळत घातले होते.

तिथून थोड्या अंतरावर 'चिंगारी' नावाच्या संस्थेचं केंद्र आहे. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन गॅसपीडित बायकांना मिळून २००४ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्याच पैशातून त्यांनी हे केंद्र उभं केलं. गॅसपीडितांच्या, आणि कारखान्याच्या विषारी कचऱ्याने नासलेलं पाणी प्यालेल्यांच्या घरी अपंग जन्मलेल्या मुलांना तिथे चालायला, बोलायला शिकवतात. म्हणजे दुसऱ्या जिवाला पहिल्यांदा नाव आणि हजेरीपट दिला तो न्यायालयाने नव्हे, विमा कंपनीने नव्हे. आधी स्वतःच्या घरची माणसं गमावलेल्या दोन बायकांनी दिला.

कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला नेला आणि वर्षाच्या मध्यापर्यंत जाळून झाला. आता त्या राखेवरून पीथमपूरच्या लोकांचं गाऱ्हाणं सुरू झालं आहे. भोपाळच्या जमिनीत मुरलेलं विष आहे तिथेच आहे. कारखान्याच्या सात अधिकाऱ्यांना २०१० मध्ये दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली, त्याच दिवशी जामीनही मिळाला. असो.

सिन्हांच्या कादंबरीच्या शेवटी त्या वाकलेल्या पोराला शस्त्रक्रियेची संधी येते. सरळ उभा राहा, माणसासारखा चाल. तो नको म्हणतो. चार पायांवर तो धावू शकतो, झाडावर चढू शकतो. सरळ झाला तर काठीशिवाय चालता येणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा शेवट मला पटला नव्हता. आता थोडा समजतो. त्याच्या देहाचं काय करायचं हे तोवर इतर सगळ्यांनी ठरवलं होतं, आणि हा एक निर्णय त्याने स्वतः घेतला.

भाचीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिचं पुस्तक परत करताना त्यात इंद्र सिन्हांचं पुस्तक ठेवून देणार आहे. तिला सांगणार आहे की कुणाला वाचवायचं हे ठरवायच्या आधी देवळातल्या गावकरासारखं कर. हात जोड, आणि विचार, कोण तू, तुझं मागणं काय. पुढच्या मे महिन्यात ती दिल्लीला जाणार आहे, गोवा एक्सप्रेसनेच. भोपाळ आलं की झोपू नकोस, एवढं मात्र आधीच सांगून ठेवलं आहे.